तुम्ही विचारलंत म्हणून: एकही नाटक न बघता टोनीसाठी पहाटे उठायचं कशाला?

जून जवळ आला की हा प्रश्न येतोच. ज्या नाटकांतलं एकही तू प्रत्यक्ष बघितलेलं नाहीस, बघायला मिळायची शक्यताही जवळपास नाही, त्यांना बक्षिसं मिळणार म्हणून पहाटे उठून बसायचं, आपापल्या याद्या करायच्या, मनासारखं झालं नाही तर दिवसभर हळहळायचं, हे सगळं कशासाठी? विचारणारे बहुतेक स्वतः नाटकवेडेच असतात, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं, म्हणून एकदा नीटच सांगते.

आधी थोडक्यात, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. टोनी म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकांचे वार्षिक पुरस्कार. १९४७ पासून दिले जातात, अँटोनेट पेरी या अभिनेत्री-दिग्दर्शिकेच्या नावाने, तिला सगळे टोनी म्हणायचे. आणि ब्रॉडवे म्हणजे तरी केवढं, तर ४१ थिएटरं, प्रत्येकात किमान ५०० खुर्च्या, आणि एक-दोन सोडली तर सगळी एकमेकांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. सोहळा तिकडे रविवारी रात्री ८ ला सुरू होतो तेव्हा भारतात सोमवारी पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.

आता मुद्द्याचं. कोण जिंकलं हे मला महत्त्वाचं वाटत नाही असं अजिबात नाही, खूप वाटतं, पण मी उठते ती मधल्या गाण्यांसाठी. नॉमिनेशन मिळालेल्या म्युझिकल्सचे, म्हणजे गाण्या-नाचांतून गोष्ट सांगणाऱ्या नाटकांचे, संच त्या रात्री आपल्या नाटकातला एखादा प्रवेश किंवा गाणं सादर करतात, तीन-चार मिनिटांचं, मूळ कलाकार, मूळ कपडे, जमेल तेवढं नेपथ्य. ब्रॉडवेवरची बहुतेक नाटकं लोकांना बघता येतील अशी शूट होतच नाहीत. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७० पासून प्रयोगांची रेकॉर्डिंग्ज जपून ठेवतात, फार मोठं काम आहे ते, पण बघायला तिथेच जावं लागतं. म्हणजे नाटक उतरलं की लांबच्या माणसासाठी राहतं काय, तर गाण्यांचा अल्बम, थोडे फोटो, आणि टोनीच्या रात्रीची ती तीन-चार मिनिटं. आमच्यासारख्यांना त्या नाटकाची मिळालेली एकमेव खुर्ची ती. म्हणून मी कधीच म्हणत नाही की मी ती नाटकं बघितलेली नाहीत, मी त्यातली चार मिनिटं बघितली आहेत आणि ती पाठ आहेत.

उदाहरण म्हणून १९८२ घ्या. 'ड्रीमगर्ल्स' मधली जेनिफर हॉलिडे, वय फक्त २१, सोडून चाललेल्या माणसाला मी कुठेही जाणार नाही असं सांगणारं ते गाणं गाते. गाते म्हणजे काय, अक्षरशः पूर्ण शरीर पणाला लावते, शेवटी शेवटी तर वाटतं हिला आता श्वास घ्यायला कोणीतरी थांबवा. तिला त्या रात्री सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा टोनी मिळाला. सर्वोत्कृष्ट म्युझिकल मात्र 'नाईन' ठरलं. आणि आज चाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला तरी ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता अशी मुलं ती क्लिप एकमेकांना पाठवतात आणि त्यातला कुठला सूर कुठे लागला यावर भांडतात. १९९८ चं 'लायन किंग' तसंच, प्रेक्षकांच्या मधल्या वाटांवरून प्राणी चालत स्टेजकडे येतात, माणूस लपवलेलाच नाही, बाहुलीही दिसते आणि ती चालवणाराही दिसतो आणि तरी दोन सेकंदांत आपण फक्त प्राणी बघायला लागतो. ज्युली टेमर त्या रात्री म्युझिकलच्या दिग्दर्शनाचा टोनी मिळवणारी पहिली बाई ठरली. ते बघून मला दिग्दर्शन म्हणजे काय हे जेवढं कळलं तेवढं वाचून कळलं नव्हतं.

दुसरी गोष्ट अशी की त्या रात्री खरंच काहीतरी पणाला लागलेलं असतं. ब्रॉडवेवरचं म्युझिकल उभं करायला आणि दर आठवड्याला चालू ठेवायला प्रचंड पैसा लागतो, तिकीट खिडकी थंडावली की नाटक बंद, आणि टोनीचं टेलिकास्ट ही त्यांची सगळ्यात मोठी जाहिरात. २०१६ ला 'ब्राईट स्टार' नावाचं एक गोड म्युझिकल होतं, ५ नॉमिनेशन्स, कार्मेन कुसॅक काय गायली आहे त्यात, पण एकही पुरस्कार मिळाला नाही आणि दोन आठवड्यांत नाटक बंद झालं. पुढच्या कुठल्याही वर्षी आलं असतं तर, असं मला अजून वाटतं, कारण ते नेमकं 'हॅमिल्टन' या गाजलेल्या म्युझिकलच्या वर्षी आलं. पण दर वेळी पुरस्कारच ठरवतो असंही नाही हं. २००४ ला सर्वोत्कृष्ट म्युझिकलच्या पुरस्कारात 'ॲव्हेन्यू क्यू' ने 'विकेड' ला हरवलं, तेव्हा केवढा धक्का होता तो सगळ्यांना, आणि 'विकेड' अजून चालू आहे! (मी 'विकेड'वाल्यांमधली, त्यामुळे हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं.)

'हॅमिल्टन'ची रात्र मात्र वेगळी सांगायला हवी. १६ नॉमिनेशन्स, तोवर इतकी कुणालाच मिळाली नव्हती. सगळ्यांना माहीत होतं काय होणार, आम्ही आठवडाभर फक्त एवढंच बोलत होतो की 'द प्रोड्यूसर्स' चा १२ टोनींचा रेकॉर्ड मोडतो का. आणि त्याच रविवारी पहाटे ऑर्लँडोच्या नाईटक्लबमध्ये गोळीबार झाला, ४९ माणसं गेली. सोहळा झाला, पण कपड्यांवर चंदेरी फिती लावून. 'हॅमिल्टन'च्या संचाने युद्धाचा प्रवेश सादर केला तो बंदुका न घेता. हात तसेच, हालचाली तशाच, फक्त हातात काही नाही. 'हॅमिल्टन' लिहिणारा लिन-मॅन्युएल मिरांडा संगीताचा पुरस्कार घ्यायला आला तेव्हा त्याने भाषणाऐवजी स्वतः लिहिलेलं सुनीत वाचलं, बायकोबद्दल सुरू होऊन त्या दिवसाबद्दल झालेलं, वाचताना आवाज फुटत होता. नाटकाला शेवटी ११ टोनी मिळाले, रेकॉर्डची बरोबरीही एकाने हुकली, आणि आमच्यापैकी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पुरस्कार सोहळे म्हणजे चकचकाट असं जे म्हणतात ना त्यांनी ती रात्र बघावी. एका दिवसात, तालमीला वेळ नसताना, नाटकवाल्यांनी आपल्याच नाटकातली एक वस्तू काढून टाकली आणि प्रवेशाचा अर्थच बदलला, हे फक्त नाटकवाल्यांनाच सुचतं.

राग येण्यासारखंही बरंच आहे. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा यांचे पुरस्कार मुख्य टेलिकास्टच्या आधीच उरकून टाकतात, ज्यांच्यामुळे ती चार मिनिटं डोळ्यांत राहतात त्याच माणसांचे. आणि ध्वनीचं तर काय सांगू, २०१४ मध्ये साउंड डिझाइनचा पुरस्कार चक्क रद्द केला, मतदारांना ध्वनी नीट जोखता येत नाही म्हणे! मोठी ओरड झाली, शेवटी २०१७-१८ च्या सीझनपासून परत आणला. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कुजबुज ऐकू येते ती आपोआप येते का? तसंच कोरसमधल्या नट-नट्यांसाठी अभिनयाची वेगळी कॅटेगरी अजून नाही, ती असायलाच हवी.

आणि २०१९ ची अली स्ट्रोकर. 'ओक्लाहोमा!' साठी जिंकली, व्हीलचेअर वापरणारी पहिली टोनी विजेती. हा पुरस्कार अपंगत्व असलेल्या आणि इथे आपल्यासारखं कुणी दिसेल का याची वाट बघत बसलेल्या प्रत्येक मुलाचा आहे, अशा अर्थाचं ती बोलली. असे क्षण सगळ्या जगाला एकाच वेळी दिसतात ते या रात्रीमुळेच, त्या ४१ थिएटरांत त्या दिवशी किती माणसं मावली असती?

करोनात मार्च २०२० ला ब्रॉडवे बंद पडलं तेव्हा तो सीझन अर्धवटच राहिला. त्याचे टोनी झाले थेट सप्टेंबर २०२१ मध्ये. म्युझिकलमधल्या प्रमुख अभिनेत्याच्या गटात एकटा ॲरन ट्व्हेट उरला होता, तरी त्याला मतदारांपैकी ६० टक्के मतं मिळवावी लागणार होती. मिळाली, आणि तो पुरस्कार घेताना रडला. मीही रडले, तेव्हा कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण ब्रॉडवेवर जवळपास दीड वर्ष पडदा पडलेलाच होता आणि आता तो नुकताच परत वर जायला लागला होता.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. आणि पुढच्या वेळी विचारण्याआधी एवढं करा, टोनीच्या जुन्या सादरीकरणांच्या क्लिप्स ऑनलाईन मिळतात, १९८२ ची हॉलिडे आधी बघा, हेडफोन लावून, मग 'लायन किंग', मग २०१६ चं 'हॅमिल्टन' आणि लगेच त्याच वर्षीचं 'ब्राईट स्टार'. नॉमिनेशन्स एप्रिल संपताना किंवा मेच्या सुरुवातीला येतात, त्या दिवशी संध्याकाळी मी माझी यादी पाठवतेच, तुमची पण तयार ठेवा, आणि त्यात साउंड डिझाइन सोडायचं नाही.