नायिकेला थायरॉइड का नसतो

कादंबरी वाचताना मला एक खोड लागलीये, नायिका कुठली गोळी घेते ते मी बघत बसते. प्रेम, घटस्फोट, आईशी भांडण सगळं जोरात चालू असतं आणि माझं लक्ष तिच्या पर्सकडे. पेशाचा परिणाम, दुसरं काय. नाशिकला सिडकोत एका मेडिकलच्या काउंटरमागे मी उभी असते, रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणून, म्हणजे भिंतीवर फ्रेममध्ये जे सर्टिफिकेट टांगलेलं असतं त्यातला फोटो माझा आणि समोर उभी असलेली बाईपण मीच, ज्याचं बऱ्याच लोकांना नवल वाटतं कारण सर्टिफिकेट एकाचं आणि माणूस भलताच हा प्रकार आपल्याकडे काही कमी नाही. दुपारी दोन ते चार दवाखाने बंद, गिऱ्हाईक तुरळक, मग खणातलं पुस्तक बाहेर येतं. हल्ली बायकांनी लिहिलेलंच जास्त वाचलं जातं. ठरवून नाही, पण पुरुषांच्या कादंबऱ्यांतल्या बायका फार निरोगी असतात हो, डोकं दुखलं की बाम चोळून मोकळ्या.

बायकांच्या लिखाणात शरीर तरी असतं. पाळी असते, बाळंतपण असतं, गर्भपात असतो, चाळिशीनंतरची ती उगाचची चिडचिड असते. पण एवढं सगळं येऊनही औषध मात्र धूसरच राहतं. "तिने गोळी घेतली." अगं पण कुठली? "डॉक्टरांनी औषधं लिहून दिली." बरं मग आणली कोणी, किती झाले, निम्मीच आणली की सगळी? यातच तर अर्धी गोष्ट असते असं मला वाटतं, आणि लेखिका नेमकं तेवढं पान गाळून पुढे जाते.

आणि त्या झोपेच्या गोळ्यांची बाटली! दर दोन-तीन कादंबऱ्यांमागे एकदा तरी ही बाटली निघतेच. आपल्याकडे झोपेच्या गोळ्या बाटलीत येत नाहीत, स्ट्रिपमध्ये येतात. आणि नायिका मेडिकलमध्ये जाऊन सहज घेऊन येते म्हणे. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही मंडळी शेड्यूल एच-वन मध्ये आहेत, १ मार्च २०१४ पासून, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दिली की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहायचे, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. माझ्याकडे चिठ्ठी न घेता आली असती तर नायिकेला दारातूनच परत पाठवलं असतं आणि कादंबरी पन्नासाव्या पानावर संपली असती. नियम पाळणारे सगळेच असतात असं नाही, ते मलाही माहितीये, पण निदान लेखिकेने मेडिकलवाल्याला तेवढं कुरकुरू तरी द्यावं की.

बाकी मोठे आजार साहित्यात असतात. कॅन्सर असतो, डिप्रेशन असतं, स्मृतिभ्रंश तर हल्ली फारच झालाय. नसतो तो थायरॉइड. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी, मग अर्धा तास चहासुद्धा नाही, हे करत असलेल्या बायका माझ्या काउंटरवर दिवसभर येतात आणि एकाही नायिकेला हे करताना मी पाहिलेलं नाही. नायिका सकाळी उठते आणि थेट खिडकीत चहाचा कप घेऊन उभी राहते. तसंच लोहाच्या गोळीचं, कॅल्शियमचं, आणि त्या व्हिटॅमिन डी-थ्रीचं, ६०,००० युनिटची, आठवड्यातून एकदा घ्यायची. ही मी पाकिटावर पेनने "रविवार" असं लिहून देते, तरी एखाद्या बाई चार दिवसांत परत येतात, संपल्या म्हणून. रोज घेतल्या. का? "ताकदीची आहे ना, मग रोज घेतलेली बरी." त्यांना सांगायचं की बाई रोज नाही घ्यायची, आधी डॉक्टरांना दाखवून या, तर मागच्या रांगेतला माणूस काचेवर नाणं वाजवायला लागतो.

एक दृश्य मला इतक्या वेळा दिसतं की त्याचं आता काही वाटायला नको, पण वाटतं. नवराबायकोच्या दोन चिठ्ठ्या घेऊन बाई येते. त्याची बीपी आणि शुगर, तिची लोह, कॅल्शियम, कधी गुडघ्याचं काहीतरी. मी सगळं काढून काउंटरवर मांडते, आकडा सांगते, आणि मग ती हात पुढे करून दोन ढीग वेगळे करते. "ह्यांच्या पूर्ण महिन्याच्या द्या. माझ्या पाचच द्या कापून." कोणी सांगितलेलं नसतं तिला तसं करायला, नवरा तर तिथे नसतोच. मी म्हणते अहो कोर्स तीन महिन्यांचा आहे, ती म्हणते नंतर नेते की, आणि तो नंतर काही येत नाही. मी कात्री घेते, स्ट्रिप कापते, बॅच नंबर आणि एक्सपायरी असलेलं टोक आपल्याकडे ठेवायचं असा मेडिकलवाल्यांचा स्वार्थी रिवाज, कारण उरलेल्या गोळ्या पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायच्या असतात, आणि तिच्या हातात जातात पाच गोळ्या, नावाचं अर्धं अक्षर असलेल्या. बिलावर लिहिलेलं असतं सगळं, पण बिल ती भाजीच्या पिशवीत टाकते. आता हे मी कुठल्या कथेत वाचलंय का? नाही. आणि याहून जास्त काय सांगायचं असतं लग्नाबद्दल?

गणपती जवळ आले की आणखी एक प्रकार सुरू होतो. पाळी पुढे ढकलायची गोळी. नॉरएथिस्टेरॉन. गौरी-गणपती, घरचं लग्न, सत्यनारायण, तीर्थयात्रेची बस, कशाकशासाठी नेतात. हिला चिठ्ठी लागते आणि तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते, पण येतात कधी, तर गौरी आणायच्या आदल्या संध्याकाळी, दुकानात हार-फुलांचा वास घेऊन.

"ताई, ती पुढे जायची गोळी द्या ना."

"तारीख कधीची आहे?"

"उद्याची."

"मग आज घेऊन काय उपयोग, आणि चिठ्ठी आहे का?"

"चिठ्ठी कशाला, मागच्या वर्षी घेतली होती की."

बरेचदा बोलणारी सासू असते आणि गोळी खाणारी सून पुण्याहून रात्रीच्या बसने यायची असते. मी विचारते, त्यांना पायात गुठळी वगैरे झाली होती का कधी, मायग्रेन आहे का, तर सासूबाईंचा चेहरा असा होतो की जणू मी सुनेच्या माहेरची चौकशी लावलीये. "तिला काही होत नाही." देत नाही मी, मग त्या पुढच्या चौकातल्या दुकानात जातात, आणि तिथे मिळते. मला त्या बसमधल्या सुनेची कथा वाचायची आहे. साडी बॅगेत, लॅपटॉप मांडीवर, आणि आपल्या पाळीचा निकाल दुसऱ्या गावात दुसऱ्याच बाईने काउंटरवर लावलेला. लिहा ना कोणीतरी. माझ्याच्याने होणार नाही, मला प्रत्येक गोष्टीचा मधला तुकडा तेवढा मिळतो, दोन मिनिटांचा, सुरुवात दवाखान्यात राहते आणि शेवट घरी.

पुरुषांचे वेगळेच. काउंटरवर मी एकटी असले की एखादा गृहस्थ क्रोसिन घेतो, मग हॉल्सच्या गोळ्या, मग उगाच टूथब्रशचा भाव विचारतो आणि शेवटी "भाऊ नाहीत का दुकानात?" मला कळतं काय हवंय ते. मी सरळ विचारते, कंडोम का, कुठला देऊ, तर तो "नाही नाही" करत बाहेर. हॉल्स मात्र घेऊन जातो. उलट सॅनिटरी पॅड मागणाऱ्या पोरी आता मोठ्याने मागतात, आणि आमचा मदतनीस पोरगा तरीही ते पेपरमध्ये गुंडाळून वर काळ्या पिशवीत घालतो. त्याला कितीदा सांगितलं. तो म्हणतो, "मॅडम, सवय आहे."

रोजचा वैताग यापेक्षा फार साधा असतो. "टेल्मा द्या." म्हणजे बीपीची गोळी, पण कुठली, चाळीस, एच, की ए-एम? "नेहमीची." तुमची नेहमीची मला कशी माहीत असणार! "पांढरी, गोल." अहो निम्म्या दुकानात पांढरं गोलच आहे. मग व्हॉट्सॲपवर मुलाकडून फोटो मागवला जातो, फोटोत गोळी येते आणि नाव येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, चांगलंच झालं, पण पाकिटावर जुनी एमआरपी आणि कॉम्प्युटरमध्ये नवी, आणि प्रत्येकाला वाटायचं की मधले पैसे मी घरी नेतेय. ऑनलाइनवाले वीस टक्के सोडतात, तुम्ही दहा तरी द्या, हे तर बारमाही. इन्सुलिन नेऊन दोन दिवस स्कूटीच्या डिकीत ठेवायचं आणि मग परत आणून द्यायचं, सील तर तोडलेलं नाही ना म्हणून. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं हे मी सांगितलेलं असतं आणि बॉक्सवर छापलेलंही असतं, तरी भांडण माझ्याशीच. नाशिकचा मे महिना त्यांनी पाहिलेला नसावा बहुतेक.

तर अशा दिवसांत सायाका मुराता या जपानी लेखिकेची ती कादंबरी हातात आली, ज्यात नायिका अठरा वर्षं एका छोट्या दुकानाच्या काउंटरमागे काम करतेय आणि तिला तेच आवडतं, लग्न नको, बढती नको. २०१६ साली तिला जपानमधला मानाचा अकुतागावा पुरस्कार मिळाला आणि लेखिकाही अशाच दुकानात काम करायची. पहिल्यांदाच मला वाटलं की कोणीतरी काउंटरच्या या बाजूने लिहिलंय. आत आलेल्या माणसाच्या खिशातल्या नाण्यांच्या आवाजावरून ते काय घेणार हे तिला कळतं, ते वाचून मी पुस्तक मिटून जरा हसले, कारण मलाही कळतं. फरक एवढाच की तिच्या दुकानात "सुट्टे नाहीत" असं कोणी म्हणत नाही. आणि बानू मुश्ताक, ज्यांच्या कन्नड कथांना २०२५ मध्ये इंटरनॅशनल बुकर मिळालं, त्या तर पेशाने वकील. वकिलाकडे बाई तक्रार घेऊन येते, बसते, रडते, तारखा सांगते. मेडिकलवालीकडे कोण बसणार, आमच्याकडे गिऱ्हाइकाला खुर्चीच नसते. मराठीत कविता महाजनांची 'भिन्न' आहे, एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायकांवरची, तिथे आजार हा आजार म्हणूनच येतो, दुःखाची शोभा म्हणून नाही. ती वाचून झाल्यावर काही दिवस मला बाकीच्या नायिका जरा जास्तच हळव्या वाटत होत्या, हा अन्याय असेल, पण वाटत होत्या.

आमच्याकडे एक काकू येतात, निवृत्त शिक्षिका. बीपी, थायरॉइड आणि पोटाची एक, अशी तीन औषधं, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. माझ्या खणातलं पुस्तक त्यांनी एकदा बघितलं आणि तेव्हापासून औषधांसोबत पुस्तकही नेतात, बिलात न लावता. मागच्या वेळी नेली ती एका तरुण लेखिकेची कादंबरी, पन्नाशीची बाई एके दिवशी घर सोडून जाते आणि कोकणात समुद्राकाठी एकटी राहते अशी. मला आवडली होती. भाषा छान, नवऱ्याला उगाच राक्षस केलेलं नाही, मुलीचे फोन तर अगदी खरे.

काकूंनी पुस्तक काउंटरवर आपटलं. "ही बाई निघाली तेव्हा पिशवीत काय घेतलं म्हणते? दोन साड्या, एक शाल आणि आईचा फोटो."

"हो, छान आहे ना ते?"

"पन्नाशीची आहे ना ती? आणि एक गोळी नाही पिशवीत? अगं मी चार दिवस लेकीकडे गेले तरी निम्मी पिशवी औषधांचीच असते. कोकणात त्या वाडीत मेडिकल तरी आहे का?"

मी म्हटलं काकू, लेखिकेने तिला काही आजारच दिला नाहीये.

"दिला नाही म्हणजे? नवऱ्यासोबत सव्वीस वर्षं काढली म्हणते आणि बीपी नाही?" मग त्यांनी चष्मा वर केला, स्वतःच्या थायरॉइडच्या बाटलीवरची एक्सपायरी नीट वाचली, आणि पुढच्या महिन्यात जरा आजारी नायिका असलेलं काहीतरी काढून ठेव असं सांगून म्हणाल्या, "आणि दहा टक्के कापलेस ना गं बिलात?"