रामशेजच्या पायऱ्या आणि खिशातली बॅटरी

माझ्या मामांच्या गावी टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. त्यामुळे शनिवारी रात्री ओसरीवर मी मोठ्या हौसेनं “मामा, हिची बॅटरी काढून चार्ज करता येते” असं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडं जरा काळजीनंच पाहिलं.

“बॅटरीची बॅटरी काढायची? मग राह्यलं काय?”

तर ही बॅटरी. मधल्या बोटापेक्षा किंचित लांब, काळ्या अ‍ॅल्युमिनियमची, सेलसकट साठेक ग्रॅम. आमच्या ठाण्याच्या इमारतीत एकदा लिफ्ट बंद, लाईट गेलेली आणि मोबाइल तीन टक्क्यांवर, अशा अवस्थेत सात मजले चाचपडत उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी ही मागवली. रोज खिशात राहील अशी हवी होती. जाहिरातीत तिला ‘टॅक्टिकल’ म्हटलं होतं. म्हणजे काय, तर मागच्या टोकाला अंगठ्यानं दाबायचं बटण, समोरच्याचे डोळे दिपवणारा लुकलुकता झोत आणि काचेभोवती करवतीसारखे दात, कुणी अंगावर आलं तर हाणायला. ठाण्यात माझ्या अंगावर आजवर फक्त रिक्षा आल्यात.

खोक्यावर ठळक अक्षरात १००० लुमेन. लुमेन म्हणजे उजेडाचं माप. शहरात या आकड्याची परीक्षा होत नाही, कारण शहरात खरा अंधारच नाही. म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी नाशिक गाठलं. दुपारी पांडवलेणी, रात्री दिंडोरी तालुक्यात मामांचं द्राक्षांचं शेत, पहाटे रामशेज किल्ला असा बेत. नाशिकरोडला उतरून शेअर रिक्षानं द्वारका, मध्ये मिसळ. तिच्यावर लिहायला बसलो तर टॉर्च राहून जाईल.

मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी, म्हणजे चोवीस लेणी आहेत. पायऱ्या चढून वर गेलं की आधी वारा लागतो, मग तीन नंबरचं लेणं. सहा यक्ष खांद्यावर तुळया घेऊन अख्खा व्हरांडा पेलून उभे आहेत. त्यांच्यामागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख. आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचं कौतुक या आईनं नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, एकोणिसाव्या राज्यवर्षात दगडावर कोरून घेतलं. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. मला ब्राह्मीतली पाचसात अक्षरं येतात. ‘क’ म्हणजे अधिकचं चिन्ह, एवढी माझी मजल.

मी लेखावर समोरून पूर्ण झोत मारला आणि लेख गेला! पांढराफटक दगड, मध्ये एक भगभगीत गोळा, अक्षरांचा मागमूस नाही. १००० लुमेननी दोन हजार वर्षांपूर्वीचा मजकूर पुसून टाकला म्हणा ना. बाजूला उभे असलेले पहारेकरी हे सगळं बघत होते. म्हणाले, “साहेब, कडेनं धरा. भिंतीला घासून.”

मग झोत कमी केला, भिंतीजवळ जाऊन टॉर्च जवळजवळ दगडाला समांतर धरली, आणि ओळ उठून आली. प्रत्येक खाचेची एक कड उजळ, दुसरी काळी. सूर्य मावळताना नांगरलेल्या रानात तास दिसतात, तसं. उजेड वीस लुमेनचा असेल नसेल. तिथून पुढं दहा नंबरच्या नहपान लेण्यात तोच प्रयोग. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव दिल्याची नोंद तिथं आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडं, म्हणजे संघाकडं, २००० ठेवले, महिना शेकडा एक व्याजानं. दुसरीकडं १०००, शेकडा पाऊण दरानं. त्यांतल्या २००० च्या व्याजातून वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यात तिथं मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बारा. दोन श्रेणींचे दोन दर, म्हणजे त्या काळीही चार ठिकाणी चौकशी करून पैसे ठेवत असावेत! भिंतीला टॉर्च घासत मी हा हिशेब शोधत होतो आणि मागून आलेली शाळेची सहल मला काहीतरी हरवलंय असं समजून खाली बघत होती.

तेवढ्यात अंगठा दोनदा दाबला गेला. या टॉर्चमध्ये दोनदा दाबलं की लुकलुकणारा झोत. अंधाऱ्या विहारात तो असा काही फडफडला की पोरांनी क्षणाचाही विलंब न लावता नाच सुरू केला. बाई माझ्याकडं बघत होत्या. मी टॉर्च खिशात कोंबली, तर दात अस्तरात अडकून खिसा टर्रकन फाटला. हल्लेखोर अजून भेटायचा होता, पण पँट पहिली बळी गेली.

आणखी एक गोष्ट तिथंच खटकली, ती रंगाची. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्या निळ्या दिव्यावर फॉस्फरचा पिवळा लेप चढवतात, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी बनवला म्हणून अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लुमेनचा आकडा फुगवायचा तर निळेपणा जास्त ठेवतात, साडेसहा हजार केल्विनच्या आसपास. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जास्त तितका निळेपणा जास्त. माझी तसलीच. तिच्या उजेडात आपला तांबूस-काळा बेसाल्ट शवागारातल्या फरशीसारखा दिसतो. चार हजार केल्विनची थोडी पिवळसर घेतली असती तर लुमेन थोडे कमी, पण दगड दगडासारखा, माती मातीसारखी दिसली असती. वाळलेल्या पाचोळ्यात काय पडलंय हे ओळखायला रंगच लागतो.

संध्याकाळी एसटीनं मामांकडं. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्रीची होती. बाराला येणार, मग मोटर चालू करायची आणि बागेला पाणी. जेवण झाल्यावर मामांनी विचारलं, “किती वेळ चालती?”

मी कागदावर मांडून दाखवलं. आत एक छोटा लिथियम सेल आहे, १४५०० जातीचा. चौदा मिलिमीटर जाड, पन्नास मिलिमीटर लांब. त्यात वीज फार तर सव्वातीन वॅट-तास. १००० लुमेनला दहा वॅट तरी खर्च होणार. म्हणजे कसंही ताणलं तरी वीस मिनिटांच्या आत खेळ खलास. आणि तेवढाही होत नाही, कारण बोटभर नळीत दहा वॅट म्हणजे चटका. मिनिटभरात टॉर्च स्वतःच उजेड खाली आणते. खोक्यावरचा आकडा दिवा लावल्यावर पहिल्या काही सेकंदांचा. शंभर लुमेनवर मात्र अडीच तास चालते, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर कित्येक रात्री.

“म्हणजे हजारचं लगीन आणि शंभरचा संसार,” मामा म्हणाले.

सेल काढून चार्जिंगला लावला होता. सेलच्याच अंगाला टाइप-सीचं भोक आहे. अर्ध्या तासानं बघतो तर सेल जागेवर नाही. मामेभावाचं पोरगं स्टुलावर चढून तो भिंतीवरच्या घड्याळात बसवत होतं. घड्याळ दोन दिवस बंद होतं आणि हा सेल अगदी पेन्सिल सेलच्या मापाचा. मी जेवढ्या जोरात ओरडलो तेवढा त्या घरात कधी ओरडलो नसेन. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. हा भरल्यावर चार पूर्णांक दोन व्होल्टचा, जवळपास तिप्पट. माप एक म्हणून रिमोटमध्ये, घड्याळात हा घातला की आतलं काही जळणारच. घरात लहान मूल असेल तर ही जात घेताना दहादा विचार करा. उलट बाजूनं मात्र सोय आहे. माझ्या टॉर्चमध्ये साधा पेन्सिल सेलही चालतो, उजेड बराच कमी पडतो पण पडतो. आणि पेन्सिल सेल गावातल्या टपरीवरही मिळतो.

बाराला मामा उठले. मीही उठलो, अंधारात टॉर्चचं बटण दाबलं आणि खोलीत दिवस उगवला. या टॉर्चला शेवटची पायरी लक्षात राहते, आणि मी झोपण्यापूर्वी पोरांना हजारची गंमत दाखवली होती.

“अगं बाई, उजाडलं की काय!” मामी आतून.

माझे डोळे इतके दिपले की अंगणातली चप्पल मोबाइल लावून शोधावी लागली. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. सराव मोडायला एक सेकंद पुरतो. रोज वापरायच्या टॉर्चचं पहिलं बटण सगळ्यात मंद उजेडाचंच असायला हवं, हे तिथं चप्पल शोधताना पक्कं झालं.

विहिरीकडं जाताना मामांच्या हातात त्यांची जुनी प्लास्टिकची चार्जिंगची बॅटरी, नारळाएवढी. स्पर्धा लावलीच. माझी जवळचा सगळा बाग उजळते, वेलींचे मांडव, ड्रिपच्या नळ्या, सगळं एकदम. पण विहिरीपलीकडच्या आंब्यापर्यंत पोचली ती मामांची. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती लांब जाणार हे त्याला एकवटणाऱ्या वाटीवर ठरतं, आणि माझी वाटी बाटलीच्या बुचाएवढी. त्यासाठी कँडेलाचा, म्हणजे झोत किती एकवटलाय त्याचा, आकडा बघायचा. त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की खोक्यावरचं अंतर येतं. माझी ३६०० कँडेलाची, म्हणजे साठाची दुप्पट, १२० मीटर. पण तेवढ्या लांब पोचणारा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच धरलेला असतो. माणूस आहे की खांब हे ओळखायचं तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरवसा धरावा, असा माझा विहिरीवरचा अनुभव.

शेजारच्या उसात बिबट्या असतो, हे मामांनी मोटर चालू करता करता भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाले, “बॅटरी कमरेला नको धरू, डोळ्याशी धर. डोळं तवाच चमकत्यात.” हे खरं आहे. जनावराच्या डोळ्यामागचा आरसा उजेड आला त्याच वाटेनं परत पाठवतो. टॉर्च आपल्या डोळ्यालगत असेल तरच ती चमक आपल्याला दिसते. मी कानशिलाशी टॉर्च धरून उसाकडं फिरवली. बिबट्या नव्हता. पण बांधावरच्या गवतात बारीक हिरवट ठिणग्याच ठिणग्या चमकल्या. वाकून बघितलं तर कोळी. प्रत्येक ठिणगी म्हणजे एका कोळ्याचे डोळे. आयुष्यभर या बांधावरून चाललोय, इतके शेजारी आहेत हे माहीतच नव्हतं.

पहाटे पाचला मामेभावाच्या मोटरसायकलवरून आशेवाडी. थंडीनं हँडलवरचे त्याचे हात आखडलेले. रामशेज उंचीला बेताचा किल्ला, सह्याद्रीतल्या रौद्र कड्यांच्या मानानं तर टेकाडच. पण १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेनं वेढा घातला आणि हा कित्येक वर्षं हाती लागला नाही. गडावर धातूच्या तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या करून चामड्यानं मढवल्या, असं सांगतात.

दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून मी टॉर्चची क्लिप उलटी करून टोपीच्या पुढच्या काठाला अडकवली. ऐट भारी! पण दहाव्या मिनिटाला अडखळलो, मग पुन्हा. उजेड पुरेसा होता, तरी दगड आणि खळगा एकसारखे सपाट दिसत होते. कपाळावरचा उजेड डोळ्याच्याच रेषेत जातो, सावल्या दगडामागं लपतात. पांडवलेण्यातला तो समोरचा झोतच हा. टॉर्च काढली, कमरेच्या खाली हातात धरली, उजेडाची पातळी खालून दुसरी केली. झालं. प्रत्येक दगडाला सावली फुटली, कोरीव पायऱ्यांची झिजलेली कड न् कड दिसायला लागली. पहारेकऱ्यांची आठवण आली. मामेभाऊ मोबाइलच्या दिव्यावर येत होता, तोही त्यानं मी सांगितल्यावर खाली धरला आणि म्हणाला, “हां, आता चालतंय.” मोबाइलचा उजेड पसरट, लांब जात नाही, पण पायापुरता खरं म्हणजे बास आहे. फक्त तोच मोबाइल पडला तर काय, एवढाच प्रश्न.

वाटेतल्या गुहेतल्या राममंदिरापाशी टॉर्च बंद करून बसलो. माथ्यावर पोचलो तेव्हा खाली नाशिकचे दिवे अजून लुकलुकत होते, आणि देहेर-भोरगडाच्या काळ्या आकृती एकेक करून वेगळ्या होत गेल्या. चढताना वापरलेला सेल उतरल्यावर तपासला. चौथाईही संपला नव्हता.

परत आलो तर मामी फाटका खिसा शिवत बसली होती. भाकरी-पिठलं झाल्यावर मामांनी टॉर्च मागून घेतली, काचेभोवतीच्या दातांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “हे कशाला?”

“कुणी अंगावर आलं तर मारायला.”

“बिबट्याला?”

त्यांनी पडवीतून कानस आणली. काचेवर चिंधी बांधली, टॉर्च गुडघ्यात धरली आणि दहा मिनिटांत सगळे दात घासून गोल केले. काळा मुलामा गेला, खालचं अ‍ॅल्युमिनियम चकाकायला लागलं. वॉरंटीही गेली असणार. नाशिकरोडला फलाटावर उभा असताना चारदा खिशात घातली, चारदा काढली. एकदाही अडकली नाही.