आमच्या आळीपर्यंत फायबर आली

आज दुपारभर नाक्यावर उभा राहून केबल जोडणाऱ्या दोन पोरांचं काम बघत होतो. इंटरनेटची फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार, जाडी 125 मायक्रॉन. दोन टोकं साफ कापून यंत्रात ठेवायची, विजेच्या ठिणगीने वितळून ती एकजीव होतात. खाऱ्या हवेत तांब्याची तार गंजते, काचेला ती भीती नाही. फार आनंद झाला.

पण केबल विजेच्या खांबांवरूनच ओढलीय, याची काळजी वाटते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोलीकडे खांब आडवे झाले ते आपण विसरलो नाही. केबल जमिनीखालून न्यायची तर जांभ्याचा खडक फोडून चर खणायला खर्च येतो, मान्य. तरी रस्ता किंवा नळाची लाइन खणतानाच नगरपरिषदेने रिकामा पाइप टाकून ठेवला, तर तो खर्च बराच वाचेल. पाइप गावाचा, भाडं देऊन केबल कुठल्याही कंपनीने टाकावी. अमेरिकेत चॅटनुगा शहराच्या वीज मंडळाने 2010 मध्येच शहरभर सेकंदाला एक गिगाबिट वेगाचं इंटरनेट दिलं, तेही स्वतःच्या फायबरवर.

भारतनेट ही केंद्र सरकारची फायबर योजना ग्रामपंचायतींसाठी आहे. आपल्यासारखी छोटी शहरं मध्येच लटकतात. कंपनी बाजारपेठेत येते, मच्छीमारांच्या खारवीवाड्यात येत नाही. तिथल्या मुलांनाही ऑनलाइन फॉर्म भरायचेच असतात ना!

पाऊस संपला की आमच्या रस्त्याचं काम निघणार आहे. त्याआधी पाइपसाठी अर्ज देतोय. मंडळी, सही करायची असेल त्यांनी कळवा, कागद घेऊन मी घरी येईन.