आय हॅड गॉन टू येऊर

ठाण्याचं इंग्रजी ऐकायचं तर सोमवारी सकाळच्या लोकलमध्ये ऐकावं. शनिवार-रविवारच्या गप्पा रंगलेल्या असतात आणि जो तो ‘हॅड’ लावत सुटलेला असतो. आय हॅड गॉन टू येऊर, वी हॅड ईटन मिसळ. अहो, साधं वेंट म्हणा, एट म्हणा! पण डोक्यात ‘गेलो होतो’ चालू असतं ना, आणि मराठीत नुसतं ‘रविवारी येऊरला गेलो’ म्हटलं की समोरचा पुढच्या गोष्टीची वाट बघत बसतो, ‘गेलो होतो’ म्हटलं की जाऊन आलो, विषय संपला. इंग्रजीत ते काम ‘ऑन संडे’ करतं. वेळ सांगितली, ती वेळ सरलेली आहे, मग साधा भूतकाळ, बास. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, तिलासुद्धा ‘रॅन’च. ‘हॅड’ लागतो तो दोन झालेल्या गोष्टींमधली आधीची कुठली ते दाखवायला, म्हणजे मी रीच्ड झाले तेव्हा ट्रेन हॅड लेफ्ट, आणि हे वाक्य म्हणायची वेळ ठाणे स्टेशनवर कुणावर येत नाही?

खरं तर आपल्या भूतकाळापुढे इंग्रजीचा भूतकाळ अगदीच गरीब. आपण मिसळ खाल्ली, वडा खाल्ला, पोहे खाल्ले, पदार्थ बदलला की क्रियापद बदललं, आणि जाताना परत तो गेला, ती गेली. तिकडे सगळ्यांना एट नि सगळ्यांना वेंट. एवढं सगळं लहानपणीच बिनबोभाट शिकलेली माणसं क्रियापदामागे लागणाऱ्या त्या एका ईडीला घाबरतात याची मला गंमत वाटते.

शेजारची सातवीतली पोरगी माझ्याकडे ग्रामरची वही घेऊन येते. स्टॉप्डमध्ये दोन पी, स्टडीडमध्ये वायचा आय, सगळं पाठ, पण वाचताना ‘वॉकेड’, ‘वॉशेड’. तिला म्हटलं गळ्याला बोट लाव आणि शेवटचा आवाज काढून बघ. क्, प्, श् म्हणताना गळा थरथरत नाही, तिथे ईडीचा ट्, म्हणून वॉक्ट, वॉश्ट. प्लेमध्ये थरथरतो, तिथे ड्, म्हणून प्लेड. आणि मुळात शेवटी ट किंवा ड असेल तरच पूर्ण ‘इड’, वॉन्टिड, नीडिड. मग काय, गळ्याला बोट लावून घरभर क्रियापदं म्हणत फिरली, आजी म्हणाली हिला डॉक्टरकडे न्या.

‘डिड यू वेंट’ मात्र अजून जात नाही. डिड आला की भूतकाळाचं ओझं त्याने उचललं, मागचं क्रियापद मोकळं, म्हणजे ‘डिड यू गो’, हे मी नेमाने सांगते, ती नेमाने मान हलवते. त्या दिवशी कट, पुट, हिटवर आलो, तर काहीच बदलत नाही बघून भलतीच खूश झाली आणि म्हणाली, मावशी, मग सगळीच अशी का नाही ठेवली?

आता हे मला काय विचारते, इंग्रजांना विचार म्हणावं.