पाकीट

यंदा धापेवाड्याला चालत जायचं ते फक्त आभार मानायला, हे घरूनच ठरवून निघालो होतो. मागच्या भाद्रपदात धाकटीला डेंग्यू झाला. प्लेटलेट चौदा हजारांवर आल्या, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून मी विठोबाला म्हणालो होतो, एवढी वाचव, पुन्हा तुझ्याजवळ काही मागणार नाही. ती वाचली. आता शब्द पाळायला हवा. आतल्या खिशात अकराशे एक रुपयांचं पाकीट घातलं. द्यायचं, हात जोडायचे, निघायचं. हिशेब चुकता.

पहाटे नागपूरच्या महाल भागातून निघालो. आमची दिंडी म्हणजे पस्तीस-चाळीस माणसं. पंढरीची वारी केलेले लोक हसतात, चाळीसेक किलोमीटरची ही कसली वारी म्हणून. हसोत. आषाढीची गर्दी आटोपून पौर्णिमेला विठ्ठल स्वतः धापेवाड्याला येतो. खरी पायपीट त्याचीच.

काटोल नाक्यापर्यंत सगळं छान होतं. मग पाऊस, ट्रकनी उडवलेला चिखल, आणि मागच्या गृहस्थाचा मोबाईल. समोर जिवंत माणसं गात असताना हा मोबाईलवर अभंग लावून चालत होता! दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढला, तर बुवा मलाच म्हणाले, "माउली, राग आला का पायाच्या अंगठ्यावर जोर द्याचा." अंगठ्यावर जोर देऊन चाललो. दुपारी त्याच पायाला फोड आला.

फेटरी मागे पडली आणि पाय टेकवेना. नवे बूट घालून निघण्याचा शहाणपणा माझाच. दिंडी पुढे गेली, टाळ ऐकू येईनासे झाले. रस्त्याकडेच्या एका घराच्या ओट्यावर बसलो. आतून एक आजी आल्या. बूट काढायला लावला, पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मला ओशाळल्यासारखं झालं, पायाला काळी माती लागली होती. त्यांनी सुईत दोरा ओवला, तो हळद-तेलात बुडवला आणि फोडाच्या एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं काढला. सुई सोडवून घेतली, दोरा तसाच आत ठेवला. दोऱ्याच्या टोकावरून पाणी थेंबथेंब गळायला लागलं.

"काढू नका तो. उद्यापर्यंत सुकते."

मग ताट आलं. चून-भाकर, जवसाची चटणी, कांदा. चून इतकं झणझणीत की नाकातोंडातून पाणी. एक भाकर संपवून मी ताटावर हात आडवा धरला. पुरे.

"काहून? बेचव झालं का?"

"नाही आजी, फार छान झालं."

"छान झालं अस्तं त मागून खाल्लं अस्तं."

मी निमूट अर्धी घेतली. मग आणखी अर्धी. निघताना शंभराची नोट पुढे केली. त्यांनी नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे दिलं म्हंजे फिटलं नं? फिटलं का मानूस परत येत नाही बाप्पा."

मला खरं तर रागच आला. एवढं टोचून बोलायची काय गरज होती? घेतली असती नोट तर काय बिघडलं असतं? तसाच लंगडत निघालो.

रात्री कळमेश्वर. शाळेच्या व्हरांड्यात कीर्तन झालं. शेवटाला नेहमीप्रमाणे 'हेचि दान देगा देवा'. आयुष्यभर म्हणत आलो, त्या रात्री कानात अडकला तो 'देगा'. दोन तास त्याचंच गुणगान आणि शेवटी हात पुढे. ज्ञानोबांनी तरी काय केलं? शके 1212 मध्ये नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ पुरा केला आणि लगेच पसायदान मागितलं. तेही साऱ्या जगासाठी. त्यांना कोणी हावरट म्हटलं नाही.

डास मात्र भयंकर. शेजारचा घोरत होता, तोच मोबाईलवाला. डास चावला तशी पोटात भीती उठली. साडेअकराला घरी फोन लावला.

"कॉइल लावलीस का?"

"बाबा, झोपा नं आता."

दुसऱ्या दिवशी धापेवाडा. इथल्या नदीचं नावही चंद्रभागाच, ती गढूळ होऊन वाहत होती. रांग चार तासांची, त्यात दोन ठिकाणी भांडणं. देवळात पोचलो तेव्हा डोकं भणभणत होतं. समोर तो. आभार मानायचे म्हणून ओठ हलले आणि निघालं ते भलतंच. पोरीला सांभाळ. तिच्या बारावीचं बघ. बायकोचे गुडघे. मोठ्याची नोकरी. तो आजींचा ओटा तसाच राहू दे, पुढच्या साली बसायला. अजून बरंच होतं, पण सेवेकऱ्यानं दंड धरून "चला काका, चला" करत पुढे ढकललं. बाहेर आलो तर डोळे गळत होते आणि कोणीतरी माझी चप्पल नेली होती. फोडामुळे बूट घालता येत नव्हते, म्हणून कळमेश्वरात ती नवी घेतली होती.

एसटीनं परत आलो. संध्याकाळी बायकोनं शर्ट भिजवायला घेतला आणि पाकीट काढलं.

"हे काय? इतक्या दूर नेऊन दिलं नाही?"

"राहिलं."

पावसानं नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या. तिनं एकेक सोडवली, पंख्याखाली पेपरवर मांडली, आणि उडू नयेत म्हणून वर लाटणं ठेवलं.