आमची वाटचाल: तिकीट काय, कुणीही काढतं

आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त फोन येतात ते प्रवाशांचे नाहीत, कंपन्यांच्या अकाउंट्स डिपार्टमेंटचे. कॉर्पोरेट ट्रॅव्हलच्या, म्हणजे कंपन्यांच्या माणसांचे कामाचे प्रवास सांभाळायच्या धंद्यात गेल्या काही वर्षांत काय बदललं, असं कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते. पूर्वी साहेबांच्या सेक्रेटरीला खूश ठेवलं की भागायचं. आता अकाउंटंटला पटलं पाहिजे.

बाबांनी सुरुवात केली ती इंदूर स्टेशनजवळच्या एका गाळ्यात, रेल्वे रिझर्वेशनचे फॉर्म भरून देण्यापासून. मुंबईला जाणारी माणसं अवंतिकाचं तिकीट सांगून जायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. पुढे विमानाची तिकिटं सुरू केली. तेव्हा कमिशन विमान कंपनीच द्यायची, गिऱ्हाइकाकडे वेगळं काही मागायचा प्रश्नच नव्हता. 2008 च्या जूनमध्ये कागदी तिकीट बंद झालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्याकडच्या मोठ्या विमान कंपन्यांनी कमिशन शून्यावर आणलं. ओळखीतले बरेच एजंट तेव्हा चारधाम आणि सिंगापूरच्या सहलींकडे वळले. बाबा म्हणाले, सहलीचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं, पीथमपूरचं दर सोमवारी. पीथमपूर म्हणजे इंदूरजवळची औद्योगिक वसाहत. गाड्यांचे आणि औषधांचे कारखाने तिथे आधीच होते, आणि त्यांच्या इंजिनिअरांना पुणे, चेन्नई, हैदराबाद सतत लागायचं. तिकिटामागे ठरलेली सर्व्हिस फी घ्यायची, असं आम्ही तेव्हापासून सुरू केलं. दोनेकशे रुपयांसाठी क्लायंट घासाघीस करायचे. अजूनही करतात.

खरा बदल आणला तो 1 जुलै 2017 नंतरच्या जीएसटीने. इकॉनॉमीच्या भाड्यावर 5 टक्के कर असतो. कंपनीच्या कामाचा प्रवास असेल तर तो कर कंपनीला क्रेडिट म्हणून परत मिळतो, पण त्यासाठी बुकिंग करतानाच कंपनीचा जीएसटी नंबर तिकिटावर जायला हवा. मध्य प्रदेशात नोंदलेल्या कंपनीचा नंबर 23 ने सुरू होतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा 27 ने. कारखाना पीथमपूरला आणि हेड ऑफिस मुंबईला असलेल्या कंपनीत कुणाचा प्रवास कोणत्या नंबरावर टाकायचा, हे आधी ठरलेलं नसेल तर वर्षअखेर भांडणं होतात. शिवाय नुसतं तिकीट म्हणजे बिल नव्हे. विमान कंपनीचं टॅक्स इन्व्हॉइस वेगळं निघतं, ते तिच्या पोर्टलवरून उतरवून घ्यावं लागतं. 1 जानेवारी 2022 पासून तर जे इन्व्हॉइस जीएसटीआर-2बी मध्ये (विक्रेत्यांनी भरलेल्या रिटर्नवरून जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला तयार होणाऱ्या यादीत) दिसेल त्याचंच क्रेडिट मिळतं. म्हणजे विमान कंपनीने आपल्या रिटर्नमध्ये ते भरलेलं असलं पाहिजे, नाहीतर तुमच्या हातातल्या कागदाला अर्थ नाही.

हे आमच्या आधी एका औषध कंपनीच्या अकाउंटंटने ओळखलं. त्यांनी मला समोर बसवून दोन याद्या दाखवल्या, आमची तिकिटांची आणि त्यांची 2बी ची. मधल्या फरकावर पेन्सिलीने गोल केलेले होते. "ताई, टिकट तो कोई भी बना देगा, ये गोले मिटा दो तो काम आपका." आम्ही त्यासाठी एक मुलगी कामाला ठेवली. ती तिकिटं काढत नाही, दर महिन्याला याद्या जुळवते, न आलेल्या इन्व्हॉइससाठी विमान कंपन्यांच्या मागे लागते. नवे क्लायंट आज जे येतात ते तिच्या कामामुळे, आमच्या भाड्यांमुळे नाही.

हॉटेलचं गणित निराळं. हॉटेल ज्या राज्यात, कर त्या राज्याचा. फक्त इथे नोंदणी असलेल्या इंदूरच्या कंपनीला पुण्यातल्या हॉटेलचा कर परत मिळत नाही, तो गेलाच. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा दर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पाच हजारांच्या खोलीवर बुडणारे सहाशे रुपये अडीचशे झाले. त्याच दिवशी बिझनेस क्लासवरचा कर मात्र 12 वरून 18 झाला. आमचे क्लायंट त्या डब्यात फारसे बसत नाहीत, त्यामुळे कुणाला दुःख झालं नाही.

आता कंपन्यांना हवं असतं ते सेल्फ-बुकिंग टूल. कर्मचाऱ्याने मोबाइलवर स्वतः फ्लाइट निवडायची, ग्रेडप्रमाणे मर्यादा, पंधरा दिवस आधी काढलं नाही तर वरिष्ठांची मंजुरी, सगळं आपोआप. टूल आम्ही स्वतः बनवलं नाही, भाड्याने घेतलं. आमच्यासारख्यांनी सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टूल आलं तरी लोक बाहेरच्या अ‍ॅपवर तिकीट काढतातच, कारण तिथे दीडशे रुपये कमी दिसतात आणि कार्डावर पॉइंट मिळतात. त्या तिकिटावर जीएसटी नंबर नसतो, कंपन्यांसाठीच्या खास भाड्यातलं, म्हणजे कॉर्पोरेट फेअरमधलं, जेवण आणि तारीख बदलायची सवलत नसते, आणि माणूस कुठे आहे ते कंपनीला कळतही नाही.

हा शेवटचा मुद्दा कोविडनंतर फार वर आला. 25 मार्च 2020 ला देशातली विमानं थांबली तेव्हा कोण कुठल्या शहरात आहे, याची यादी बऱ्याच कंपन्यांकडे नव्हती. ती त्यांनी आमच्याकडून घेतली. (आमचे स्वतःचे पैसे रिफंडऐवजी क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी विमान कंपनीकडेच जमा राहणाऱ्या रकमेत, अडकले होते, ते दुखणं वेगळं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आल्यावर ते हळूहळू सुटले.) 2025 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला वैमानिकांच्या ड्यूटीच्या नव्या नियमांवरून देशभर फ्लाइट रद्द झाल्या, तेव्हा एका क्लायंटचे चार इंजिनिअर पुण्यात होते. यादी हातात होती, म्हणून दादाने दुपारीच इनोवा पाठवली. धुळे, शिरपूर, बिजासन घाट करत ते पहाटे इंदूरला पोचले. त्यांच्यातला पाचवा अ‍ॅपवरून तिकीट काढून गेला होता. तो आमच्या यादीत नव्हता, आणि त्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला.

कामाला जोडून दोन दिवस फिरून यायची नवी रीत आहे म्हणतात. इंदूरला तिचं नाव महाकाल. 2022 मध्ये उज्जैनच्या महाकाल मंदिराभोवतीचा महाकाल लोक परिसर झाल्यापासून पुण्या-चेन्नईहून पीथमपूरला ऑडिटला येणारा जवळपास प्रत्येक जण शुक्रवारी दबक्या आवाजात विचारतो, भस्मारतीचं (तिथल्या पहाटेच्या आरतीचं) काही होईल का? आम्ही उज्जैनच्या गाडीचं बिल त्या माणसाच्या नावावर वेगळं करतो, म्हणजे कंपनीच्या ऑडिटरला प्रश्न पडत नाही.

कार्बनचा हिशेब हे सगळ्यात नवं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, बंधनकारक केला. त्यांना माल पुरवणाऱ्यांकडेही आता विचारणा होते, त्यामुळे वर्षभराच्या प्रवासाचे किलोमीटर आमच्याकडे मागतात. नागपूरला वंदे भारत आहे तर माणूस विमानाने का पाठवला, असं एका क्लायंटच्या एचआरने परवा विचारलं. उत्तर सोपं होतं, साहेबांना सकाळी जायचं होतं आणि संध्याकाळी परत यायचं होतं.

फीची पद्धत आम्ही बदलतो आहोत. तिकिटामागे दोनशेऐवजी महिन्याची ठरलेली रक्कम, त्यात याद्या जुळवणं, रिपोर्ट आणि रात्रीचा फोन. तो फोन दादाकडे असतो. अकरानंतरच्या कॉलचे वेगळे पैसे लावा, असं वहिनी कधीपासून म्हणते आहे. एप्रिलपासूनच्या कराराच्या मसुद्यात ते कलम या वेळी घातलं आहे, दोन क्लायंटनी सही केली, तिसऱ्याने पेन्सिलीने त्याभोवती गोल करून परत पाठवलं आहे.