शाल शेवटी, सर्व्हिस रेकॉर्ड आधी

इंदूरमध्ये निवृत्त लष्करी अधिकाऱ्याचा सत्कार ठरला की पहिली चूक फ्लेक्सवर होते. ‘रिटायर्ड लेफ्टिनेंट जनरल अमुकजी का नागरिक सम्मान’ असा साचा छपाईवाल्याकडे तयारच असतो. मराठी मंडळ आहे म्हटल्यावर तो ‘का’ काढून ‘यांचा’ टाकतो आणि प्रूफ पाठवून देतो. लष्करातला रिवाज असा की हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. म्हणून आधी हुद्दा, मग नाव, मग पदकांची अक्षरे आणि सगळ्यात शेवटी कंसात ‘निवृत्त’. म्हणजे असे: लेफ्टनंट जनरल अमुक तमुक, पीव्हीएसएम, एव्हीएसएम, व्हीएसएम (निवृत्त). ‘माजी’ किंवा ‘रिटायर्ड’ हुद्द्याच्या आधी चिकटवले तर सत्कारमूर्ती काही बोलणार नाहीत, पण पहिल्या रांगेतले महू छावणीचे चार कर्नल एकमेकांकडे बघतील.

महू जवळ असल्यामुळे हा प्रसंग आपल्याकडच्या मंडळांवर वारंवार येतो. इन्फन्ट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज आणि मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग अशा तीन मोठ्या संस्था तिथे आहेत. नोकरीत कधीतरी इथे राहिलेले आणि पुढे महू-इंदुरातच घर केलेले अधिकारी बरेच. त्यातले कुणी मराठी निघाले की मंडळाची बैठक बसते, आणि बैठकीत पहिला अर्धा तास शाल कुठून आणायची यावर जातो. शाल महेश्वरी घ्यावी, इतके बोलून तो विषय संपवावा. खरे काम कागदांचे आहे आणि ते किमान दीड महिना आधी सुरू व्हायला हवे.

साहेबांकडून एका पानाची माहिती मागवा: कमिशनची म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीची तारीख, पहिली पलटण किंवा रेजिमेंट, कोणकोणत्या तुकड्यांची कमांड सांभाळली, कोणत्या मोहिमांत होते, पदके आणि त्यांची वर्षे, निवृत्तीची तारीख, त्यानंतरचे काम. बहुतेक जण ‘काय त्यात सांगण्यासारखं’ म्हणून टाळतात. अशा वेळी त्यांच्या पत्नीला किंवा जुन्या सहकाऱ्याला गाठावे. गूगलवरून उतरवलेल्या परिचयात एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) बाहेर पडल्याची तारीख हमखास कमिशनची म्हणून छापली जाते. खडकवासल्याला तीन वर्षे, मग स्थलसेनेचे छात्र देहरादूनच्या आयएमएत (भारतीय लष्करी अकादमीत) एक वर्ष आणि कमिशन तिथून, असा क्रम आहे. पलटणीचे नाव लिहिताना आकडा आधी येतो: ‘४ मराठा’. आणि सेनाध्यक्ष एका वेळी एकच असतो. लेफ्टनंट जनरलना ‘माजी सेनाध्यक्ष’ करून टाकणारे निवेदक कमी नाहीत.

पदकांच्या बाबतीत गोंधळ सर्वांत जास्त. परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदक (पीव्हीएसएम, एव्हीएसएम, व्हीएसएम) ही शौर्यपदके नव्हेत. ती असामान्य सेवेसाठी आहेत. ‘पीव्हीएसएम हे शौर्याचे सर्वोच्च पदक’ असे व्यासपीठावरून म्हटले तर ज्याचा गौरव करायचा त्यालाच अवघडल्यासारखे होते. शत्रूसमोरच्या शौर्यासाठी परमवीर, महावीर आणि वीरचक्र. प्रत्यक्ष शत्रूसमोर नसलेल्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती आणि शौर्यचक्र. सेना पदक शौर्यासाठीही मिळते आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही, त्यामुळे कोणत्या कारणासाठी मिळाले ते विचारूनच लिहावे. ऐंशीच्या पुढचे सत्कारमूर्ती असतील तर त्यांच्या कागदांवर कदाचित ‘अशोकचक्र, वर्ग २’ किंवा ‘विशिष्ट सेवा पदक, वर्ग १’ असे दिसेल. ही १९६७ पूर्वीची नावे. त्या साली वर्ग २ चे कीर्तिचक्र झाले, वर्ग ३ चे शौर्यचक्र. विशिष्ट सेवेच्या पहिल्या वर्गाचे परम, दुसऱ्याचे अति. हे माहीत नसले की साहेबांना अशोकचक्र बहाल होऊन जाते. तेच पदक दुसऱ्यांदा मिळाले तर ‘आणि बार’ लिहितात. जनरल अरुणकुमार वैद्य यांना १९६५ मध्ये महावीरचक्र मिळाले आणि १९७१ मध्ये त्याचा बार.

पद्म पुरस्काराचे उलटे आहे. ‘पद्मश्री’ किंवा ‘पद्मभूषण’ हे नावाच्या आधी किंवा नंतर किताब म्हणून लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात ते स्पष्ट केले आहे. सरकारी किताब बंद करणाऱ्या घटनेच्या १८ व्या कलमाने सूट दिली आहे ती लष्करी आणि शैक्षणिक बहुमानांना. तेव्हा नावानंतर एव्हीएसएम चालते, पद्मश्री चालत नाही. पुरस्काराचा उल्लेख परिचयात वाक्य म्हणून करावा.

आडनाव ‘कर’ने संपले की साहेब मराठा रेजिमेंटचेच, असाही आपल्याकडे एक पक्का समज आहे. ते तोफखान्याचे असतील, रणगाड्यांचे असतील, सिग्नल्सचे असतील. मराठा लाइट इन्फन्ट्रीची युद्धघोषणा ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. महार रेजिमेंटची, जिचे केंद्र आपल्याच राज्यात सागरला आहे, ‘बोलो हिंदुस्तान की जय’. महाराजांचा जयजयकार कुणी कधीही करावा, पण निवेदकाने तो साहेबांच्या रेजिमेंटची घोषणा म्हणून करू नये. फोटो बघून रेजिमेंट ओळखायलाही जाऊ नका. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या हुद्द्यांचा गणवेश सगळ्या रेजिमेंटना एकसारखा आहे, म्हणजे बेरे टोपीचा रंगही काही सांगत नाही. पडद्यावर फोटो दाखवायचे असतील तर कर्नल होईपर्यंतचे जुने मागवा. ते दिसायलाही छान असतात.

आता मानपत्र. दीडशे ते दोनशे शब्द, वाचायला दोन मिनिटे. त्याहून लांब मानपत्र ऐकताना सत्कारमूर्तींना हात कुठे ठेवावा कळत नाही. ‘ज्यांच्या तेजस्वी पराक्रमाने शत्रूची दाणादाण उडाली’ अशी वाक्ये कोणत्याही अधिकाऱ्याला चालतात, म्हणून ती कुणाचीच नसतात. त्याऐवजी ‘आपण निवृत्तीनंतर सलग नऊ वर्षे दर शनिवारी माजी सैनिकांच्या पत्नींची पेन्शनची कागदपत्रे स्वतः तपासून दिलीत’ असे एकच वाक्य लिहा, सभागृह शांत होते. हे काम किती किचकट आहे ते बाहेरून कळत नाही. जवानाच्या जुन्या नोंदीत पत्नीचे नाव ‘शांताबाई’, आधारवर ‘शांता’, जन्मतारखेचे साल वेगळे. तो गेल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतन तिथेच अडकते. मग रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, प्रतिज्ञापत्र, निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन ‘स्पर्श’ प्रणालीतली दुरुस्ती, दरवर्षीचा हयातीचा दाखला. जनरलच्या हुद्द्याचा माणूस हे शिपायाच्या विधवेसाठी बसून करत असेल तर मानपत्राचा अर्धा मजकूर त्यावर खर्च करावा. आणि वीरगती मिळालेल्या सहकाऱ्यांचा उल्लेख असेल तर लक्षात ठेवा की सैन्यात ‘शहीद’ हा अधिकृत शब्द नाही.

चौकट बारा बाय अठरा इंचांपेक्षा मोठी करू नये. काचेऐवजी ॲक्रिलिक घ्या; गाडीत फुटत नाही.

मजकूर छापायला टाकल्यावर इंदूरचा खास धोका म्हणजे ळ. ऑपरेटर हिंदीत टाइप करणारा. त्याच्या हाताखाली ‘श्रीफळ’चे ‘श्रीफल’ होते, ‘होळकर’चे ‘होलकर’, आणि ‘करणाऱ्या’चे ‘करणार्या’. मजकूर तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर टाइप करून देऊ नये. घरी पूर्ण बसवून, फॉन्ट कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरे आकृतीसारखी पक्की झालेली पीडीएफ द्यावी. नावातला न की ण, ऱ्हस्व की दीर्घ हे साहेबांनी स्वतः देवनागरीत लिहून दिलेल्या कागदावरून घ्यावे. आणखी एक, याहून वाईट: हिंदीत विवाहितेला ‘श्रीमती’ म्हणतात, तर जुन्या वळणाचा मराठी वाचक ‘श्रीमती’ म्हणजे पती हयात नाही असे समजतो. साहेब व्यासपीठावर बसलेले आणि पत्रिकेत त्यांच्या पत्नी श्रीमती! मराठी पत्रिकेत ‘सौ.’ लिहा, किंवा कुठलेच बिरूद न लावता पूर्ण नाव.

तारीख ठरवताना सैन्याचे कॅलेंडर बघा. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये त्या दिवशी निवृत्त झाले, आणि आपण तिळगुळाचा मुहूर्त म्हणून नेमका तोच धरतो. १५ जानेवारी सेना दिन, २६ जुलै कारगिल, २७ ऑक्टोबर इन्फन्ट्री डे, ७ डिसेंबर ध्वजदिन, १६ डिसेंबर विजय दिवस. या दिवशी साहेब महूला असणार. सेवेतल्या अधिकाऱ्याला पाहुणा म्हणून बोलवायचे असेल तर त्याला वरून परवानगी लागते. चार-पाच आठवडे आधी लेखी पत्र द्यावे आणि त्यात व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावे असावीत. ऐन वेळी एखादे नेते व्यासपीठावर चढले की सेवेतला अधिकारी अडचणीत येतो.

व्यासपीठावर पाच खुर्च्या पुरे. मधली सत्कारमूर्तींची, शेजारची त्यांच्या पत्नीची. टेंटहाउसवाला उत्साहाने तिरंगी कापड टेबलावर पसरतो, ते काढायला लावा. ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वज टेबलावर किंवा वक्त्याच्या मेजावर पांघरता येत नाही, आणि नुसते तिरंगी कापड असले तरी ते तिथे वाईटच दिसते. काठीवरचा ध्वज वक्त्याच्या उजव्या हाताला उभा करायचा, म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडे. पायऱ्यांना कठडा हवा. तोफखान्यात आणि रणगाड्यांवर आयुष्य गेलेल्यांना कमी ऐकू येणे नेहमीचे. एक छोटा स्पीकर व्यासपीठाकडे तोंड करून लावावा, नाहीतर आपल्याच गौरवाची भाषणे त्यांना अंदाजाने ऐकावी लागतात. समईच्या वाती अर्धा तास आधी तेलात भिजवून टोकाला कापराची चिमूट लावा आणि मागचा पंखा बंद ठेवा. पाच वातींसाठी पाच मिनिटे जाणे बरे दिसत नाही.

साहेब बहुधा बंदगळ्यात किंवा सुटात येतील, डाव्या छातीवर पदके. आणि इथे शालीचा घोळ होतो. पदके एका पट्टीवर ओवलेली असतात आणि पट्टी कोटाला मागच्या पिनांनी धरलेली. शाल झटक्यात पांघरली की जरीचा धागा पदकाच्या कडीत अडकतो, पाहुणे ओढतात, पट्टी तिरकी होते. अडकले नाही तरी चाळीस वर्षांची पदके शालीखाली जातात आणि फोटोत दिसते ती फक्त शाल. म्हणून शालीची लांब घडी करून ती उजव्या खांद्यावर ठेवावी, किंवा दोन्ही हातांवर द्यावी. हार नकोच, झेंडूचा डाग रिबनवरून निघत नाही. श्रीफळ हातात दिल्याबरोबर घ्यायला एक जण बाजूला उभा करा, कारण उजवा हात मोकळा लागतो. कॉलर माइक असेल तर उजव्या लॅपेलला. डावीकडे लावला की हालचालीबरोबर पदकांची किणकिण पूर्ण भाषणभर स्पीकरमधून येते.

सहाचा कार्यक्रम म्हणजे साहेब पाच पंचावन्नला दारात. आपले ‘इंदुरी सहा’ साडेसहाला वाजतात. दीपप्रज्वलन चार मिनिटे, परिचय पाच, मानपत्र आणि सत्कार मिळून सात, दोन भाषणे सहा-सहा मिनिटांची, साहेबांना पंचवीस, आभार तीन. तासाभरात सगळे बसते. ते बिघडवतात बाकीच्या संस्था. चौदा मंडळांनी एकेक करून पुष्पगुच्छ द्यायचा, दर वेळी फोटो, दीड मिनिट धरले तरी एकवीस मिनिटे गेली. त्यांचे स्वागत कार्यक्रमाआधी बाहेरच्या दालनात उरकावे, व्यासपीठावरून फक्त नावे वाचावीत. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचे. पेटी-तबल्याच्या साथीने संथ म्हटले की ते लांबते, म्हणून गाणाऱ्यांची एकदा घड्याळ लावून तालीम घ्या. त्या बावन्न सेकंदांत फोटोग्राफरनेही जागेवर उभे राहायचे, हे त्याला आधी सांगून ठेवा.

भेटवस्तूंवर पैसे घालवण्यापेक्षा वर्गणी काढून थैली द्यायची जुनी पद्धत चांगली. रक्कम साहेबांच्या नावाने ध्वजदिन निधीला द्यायची. देणगीला आयकरात सूट आहे, त्यामुळे वर्गणीही सोपी जाते. चेक आधीच तयार ठेवा, पावतीची प्रत मागाहून त्यांच्या घरी पोचवा. परतीच्या वेळी मानपत्राची चौकट बबलरॅपमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर आडवी ठेवायची, डिकीत नारळांबरोबर नाही.